बिदुम, इरर, मोथो, नालो

काही पुस्तके वाचायची नसतात, उच्चारायची असतात. के. एस. नागराज यांचे ‘द निहाली लँग्वेज’ हे त्यांपैकी एक. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. व्याकरण, पाठ आणि शब्दसंग्रह असा त्याचा सरळ ऐवज आहे. नागराज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्याआधी कोरकू भाषेवरही त्यांनी असाच ग्रंथ लिहिला होता. असली पुस्तके ग्रंथालयात संदर्भाच्या कपाटात जातात आणि तिथेच राहतात. पण शब्दांची यादी मोठ्याने म्हणत गेले की तिच्यातही लय सापडते, आणि लयीमागून माणसे येतात.

पहिले चार आकडेच घ्या. बिदुम, इरर, मोथो, नालो. एक, दोन, तीन, चार. बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत आणि सीमेपलीकडे निमाडात असे मोजणारे दोन-अडीच हजार लोक आहेत. त्यांच्या भाषेला जगातल्या कोणत्याही कुळात अजून निर्विवाद जागा मिळालेली नाही. महाराष्ट्राच्या नकाशात आर्य, द्राविड आणि मुंडा या तिन्ही कुळांच्या भाषा आहेत. निहाली त्या तिघांच्या शेजारी राहिली, तिघांकडून घेत राहिली, पण घरातली कुणाचीच झाली नाही.

हे ‘घेणे’ आकड्यांत कसे उमटले आहे ते पाहण्यासारखे आहे. ‘बिदुम’ त्यांचा स्वतःचा. ‘नालो’ ऐकताच कानडी येणारा माणूस ‘नाल्कु’ म्हणेल आणि तमिळ येणारा ‘नालु’. मोथोचेही नाते तिकडेच लागते. आणि पाचापासून दहापर्यंत आपण ओळखीच्या घरात येतो, कारण पुढचे आकडे हिंदी-मराठीच्या वळणाचे आहेत. म्हणजे हाताची बोटे संपेपर्यंत तीन बिऱ्हाडे ओलांडली.

यात ‘इरर’पाशी मी दर वेळी थांबतो. तमिळमध्ये वस्तू दोन असल्या तर ‘इरंडु’, पण माणसे दोन असली तर ‘इरुवर’. आपल्याकडेही दोन आंबे असतात आणि दोघे भाऊ असतात. ‘इरर’चा नाद मला ‘इरंडु’पेक्षा ‘इरुवर’च्या जवळचा वाटतो. माझा हा केवळ कानाचा अंदाज आहे, पण तो मनातून जात नाही. समजा तो खरा असेल, तर निहाली माणसाने शेजाऱ्याकडून वस्तूंचा ‘दोन’ घेतला नाही, माणसांचा ‘दोघे’ घेतला. व्यवहाराआधी सोबत मोजली.

आणखी एक गंमत. निहालांचा सर्वांत जवळचा शेजार कोरकूंचा. कोरकूंच्या शेतावर, कोरकूंच्या गावात त्यांनी पिढ्यान् पिढ्या राबून पोट भरले. निहालांना कोरकू येते. कोरकूंना निहाली सहसा येत नाही. कोणी कोणाची भाषा शिकायची हे कोण कोणाच्या दारी जातो त्यावर ठरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. निहालीच्या शब्दसंपत्तीचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग कोरकू आहे. तरी आकडे मात्र कोरकू नाहीत. कोरकूत एक-दोन-तीन-चार म्हणजे मिआ, बारी, आफइ, उफुन. निहालीने ते घेतले नाहीत. जुने कुठले तरी देणे ती अजून सांभाळून आहे.

मग स्वतःचे काय उरले? आपो म्हणजे आग. जोप्पो म्हणजे पाणी. जिकी म्हणजे डोळा. चोर्टो म्हणजे रक्त. कल्लेन म्हणजे अंडे. हे शब्द आजूबाजूच्या कुठल्याच भाषेत सापडत नाहीत. चूल, घागर आणि देह यांच्या आत बाहेरच्याला वाव मिळालेला नाही. ‘जोप्पो’ म्हणून पाहा: ओठ मिटतात, जोडाक्षरावर क्षणभर थबकतात आणि सुटतात, ओंजळीतून घोट घ्यावा तसे. जुन्या टिपणांत हाच शब्द ‘जप्पो’ असा भेटतो आणि ‘जिकी’चा ‘जिकित’ होतो. घाईचा वाचक याला नोंदीतली चूक समजेल. मला त्यात वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या तोंडांची आणि ऐकणाऱ्या वेगवेगळ्या कानांची खूण दिसते. छापील कोशाने मराठीत जे पुसून टाकले ते इथे अजून ओले आहे.

आता ‘चोर्टो’. मराठी कानाला त्यात उगाचच चोर ऐकू येतो, आणि या योगायोगाला एक कडू इतिहास आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या ग्रंथातही नहालांची, म्हणजे निहालांची, ओळख डोंगरातले लुटारू अशी येते. पुढे सुधीभूषण भट्टाचार्य यांनी १९५० च्या दशकात प्रत्यक्ष जाऊन या भाषेची टिपणे काढली. त्यांवर डच पंडित एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये निहालीचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. शब्दन् शब्द पारखून त्यांनी दाखवले की जवळजवळ चौथा हिस्सा कोणत्याच भाषेशी जुळत नाही. अभ्यास मोलाचा, पण त्यातच एक शंकाही होती, की ही मुळात चोरांची सांकेतिक बोली तर नसेल? ज्याच्या माथी चोरीचा शिक्का, त्याच्या भाषेवरही चोरीचा वहीम.

या शंकेला उत्तर द्यायला आपल्याच घरातला पुरावा पुरेसा आहे. मोल्सवर्थच्या कोशात ‘नंदभाषा’ आहे, दलाल आणि दुकानदार यांची चोरबोली. केवली, अवारू, उधानू, पोकू, मुळू अशी तिची मोजणी. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकापासून लपवायचा असतो तो भाव, म्हणून तो आधी आकडे लपवतो. पाण्याला पाणी आणि डोळ्याला डोळाच म्हणतो. निहालीत नेमके उलटे आहे. आकडे बहुतेक उघड्यावर उसने घेतलेले, आणि पाणी, आग, डोळा, रक्त मात्र स्वतःचे. लपवणाऱ्याची भाषा अशी नसते. अशी असते ती बाजारात चार लोकांसारखे बोलून संध्याकाळी घरी परतणाऱ्याची.

नागराज यांच्या पुस्तकाचे खरे सौंदर्य मला त्याच्या मधल्या भागात, पाठांत दिसते. ते कळायला शतकभर मागे जावे लागते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला. स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या त्या खंडात नहाली मुंडा भाषांत नोंदवली गेली. त्या सर्वेक्षणाचा दंडक असा की प्रत्येक भाषेत बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट उतरवून घ्यायची. तुलनेला ते सोयीचे होते. पण त्या गोष्टीची सुरुवातच धाकट्याने बापाकडे वाटणी मागण्याने होते. ज्यांनी दुसऱ्याच्या बांधावर जन्म काढला, त्यांच्या तोंडी जमीनजुमल्याची वाटणी घालायची, हा त्या पद्धतीतला नकळत घडलेला विनोद होता. आधीपासून ठरलेली गोष्ट भाषांतरित करून घेणे आणि समोरचा जे सांगेल ते उतरवून घेणे यांत भाषेच्या अभ्यासाने शतकभराचे अंतर चालून पार केले आहे. ‘पाठ’ या रूक्ष शब्दाखाली त्या चालण्याचे फळ आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. ही भाषा शिकण्याचा मार्ग इंग्रजीतून आणि उच्चारचिन्हांच्या लिपीतून जातो. कुवरदेव किंवा चालठाणा गावातल्या निहाल मुलाला, जो मराठीत बाराखडी गिरवतो, स्वतःच्या आजीचे शब्द त्या पुस्तकात वाचता येणार नाहीत. आणि अभ्यासकांचे सगळे कौतुक त्या अगम्य चौथ्या हिश्श्याभोवती फिरते. उरलेले तीन हिस्से म्हणजे भेसळ, असा सूर त्यातून नकळत निघतो.

माझे म्हणणे इथे वेगळे आहे. हे लोक स्वतःला काल्टो म्हणतात आणि आपल्या भाषेला ‘काल्टो मंडी’. ‘निहाल’ हे नाव बाहेरच्यांनी वापरलेले. पण ‘मंडी’, म्हणजे बोलणे, हा शब्द कोरकूतही आहे. आपल्या भाषेला भाषा म्हणायलाही शेजाऱ्याचा शब्द, आणि तरी ती त्यांचीच. निहालीतला उसना शब्द हा झिजल्याची खूण नाही. कोणाशी बोललो, कोणाकडे राबलो, कोणाबरोबर राहिलो याचा तो दस्तऐवज आहे. ज्या समाजाचा सातबारा नाही, बखर नाही, शिलालेख नाही, त्याचा इतिहास याच तीन हिश्श्यांत लिहिलेला आहे. शुद्ध तेवढे निवडून ठेवणारा अभ्यासक शब्द वाचवील, माणसे गमावील. नागराज यांचा शब्दसंग्रह दोन्ही ठेवतो, म्हणून तो मला मोठा वाटतो.

जनगणनेचा नियम असा आहे की दहा हजारांपेक्षा कमी लोकांची मातृभाषा स्वतंत्र नावाने छापायची नाही. ती ‘इतर’मध्ये जाते. त्यामुळे निहाली त्या तक्त्यांत दिसत नाही. ती दिसते सोनबर्डीत, चालठाण्यात, अंबावऱ्यात, बोलणाऱ्यांच्या तोंडी. शेगावला जाणारा प्रत्येक मराठी माणूस तिच्यापासून थोड्याच अंतरावरून परत फिरतो. पुढच्या खेपेला उत्तरेला सातपुड्याची रांग दिसली, तर निदान मनातल्या मनात मोजावे: बिदुम, इरर, मोथो, नालो.