‘पुनर्वापर’ आणि ‘खेप’ : अवकाशयानाच्या परिभाषेची चिकित्सा

कोणत्याही नव्या विद्येची परिभाषा मराठीत येऊ लागली की तिच्यावर दोन प्रकारचे आक्षेप घेतले जातात. शब्द फार संस्कृत आहे हा एक, आणि तो मुळी मराठीच नाही हा दुसरा. हे दोन्ही आक्षेप शब्दाच्या कुळाविषयीचे होत. शब्द वस्तूचे जे वर्णन करतो ते खरे आहे काय, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘पुनर्वापरयोग्य व्यावसायिक अवकाशयान’ हा अलीकडे रुळू लागलेला शब्दसमूह या तिसऱ्या प्रश्नाच्या कसोटीवर घासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणादाखल अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीचे ‘ड्रॅगन’ हे यान घेतले आहे. कारण माल आणि माणसे ही दोन्ही कक्षेत नेऊन परत आणण्याचा दीर्घ अनुभव या जातीच्या यानांपैकी त्याच्याच गाठी आहे.

या शब्दसमूहातील दोन विशेषणे नेहमी जोडीने येतात, आणि म्हणून एक दुसऱ्याचे कारण आहे असा वाचकाचा समज होतो. वास्तविक ती परस्परांहून स्वतंत्र आहेत. १९८१ पासून २०११ पर्यंत उडालेल्या स्पेस शटलची कक्षायाने पुनःपुन्हा वापरली गेली. परंतु तो उपक्रम सरकारी होता. उलट २००८ च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर माल पोचविण्यासाठी नासाने एकाच वेळी दोन करार केले. एक स्पेसएक्सशी, बारा खेपांसाठी १.६ अब्ज डॉलरांचा. दुसरा ऑर्बिटल सायन्सेस या कंपनीशी, आठ खेपांसाठी १.९ अब्ज डॉलरांचा. या दुसऱ्या कंपनीचे ‘सिग्नस’ यान तितकेच व्यावसायिक, पण एकदाच वापरावयाचे. माल उतरवून घेतल्यावर त्यात स्थानकावरील केरकचरा भरला जातो आणि परतीच्या वाटेवर ते वातावरणात जळून जाते. म्हणजे एकाच गिऱ्हाइकाने ‘व्यावसायिक’ या एकाच विशेषणाखाली जळणारे यानही घेतले आणि परतणारेही.

वृत्तपत्री मराठीत तर ‘व्यावसायिक’ऐवजी सर्रास ‘खासगी’ म्हटले जाते. त्याने घोटाळा वाढतो. यान कंपनीच्या मालकीचे असले तरी वर सांगितलेल्या करारांतील पैसा सार्वजनिक आहे, आणि मुख्य गिऱ्हाईक सरकारच आहे. बदलली आहे ती व्यवहाराची रीत. पूर्वी कंत्राटदाराला जो खर्च येईल तो भरून देऊन वर नफा देण्याची पद्धत होती. आता किंमत आधी ठरते. आपल्याकडे गवंड्याला रोजंदारीवर ठेवणे आणि काम उक्ते देणे यांत जो भेद आहे, तोच हा. किंबहुना जुन्या व्यापारी मराठीत याहून नेमका शब्द आहे : हुंडेकरी. वाटेतील भाडे, जकात, नुकसान यांचा हिशेब स्वतःच्या शिरावर घेऊन ठरीव रकमेत माल मुक्कामी पोचविणारा तो हुंडेकरी. ‘कमर्शियल’ या इंग्रजी विशेषणात नासाला जे अभिप्रेत होते त्याच्या हा शब्द फार जवळ जातो. हुंडेकऱ्याचा अंदाज चुकला तर भुर्दंड त्याच्या माथी. आणि तो पडतोही. माणसे नेण्यासाठी २०१४ मध्ये बोइंगला ४.२ अब्ज आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरांपर्यंतचे करार मिळाले. बोइंगला आपल्या ‘स्टारलायनर’पायी दीड अब्ज डॉलरांहून अधिक तोटा स्वतः सोसावा लागला. २०२४ च्या जूनमध्ये ते यान दोन अंतराळवीरांना घेऊन गेले, सप्टेंबरात रिकामे परतले, आणि ती दोन माणसे २०२५ च्या मार्चमध्ये ड्रॅगनमधून खाली आली. ‘खासगी’ या शब्दातून यांपैकी काहीही कळत नाही. हुंडेकरी हा शब्द परिभाषेत पुन्हा आणावा असा माझा आग्रह नाही. ज्या भाषेला हा भेद ठाऊक होता तिने तो विसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

आता मुख्य विशेषणाकडे वळू. ‘पुनर्वापरयोग्य’ यातील ‘योग्य’ हे पद क्षमता सांगते. ‘पुन्हा वापरलेले’ यातील ‘-लेले’ हे कृदन्त घडलेली गोष्ट सांगते. पहिले निर्मात्याचे आश्वासन आहे, दुसरे इतिहासाची नोंद. शटलच्या प्रत्येक कक्षायानाची योजना १०० उड्डाणांसाठी होती. सर्वांत अधिक उडालेल्या ‘डिस्कव्हरी’ची उड्डाणे ३९ झाली. आठवड्याला एक उड्डाण होईल अशी आरंभी भाषा होती. प्रत्यक्षात कोणत्याही एका वर्षात नऊहून अधिक उड्डाणे झाली नाहीत, आणि तीही १९८५ या एकाच वर्षी. मराठी वृत्तलेखनात ‘योग्य’चे ‘-लेले’ फार लवकर होते. २५ जून २०२५ रोजी शुभांशु शुक्ला ज्या ड्रॅगनमधून गेले त्या ‘ग्रेस’ नामक कुपीचे ते पहिलेच उड्डाण होते. ती पुनर्वापरयोग्य होती, पुन्हा वापरलेली नव्हती. तिच्या खालचा फाल्कन अग्निबाणाचा पहिला टप्पा मात्र आधी उडून आलेला होता. एकाच उड्डाणात एका भागाला एक कृदन्त लागू पडते, दुसऱ्याला दुसरे. यानाला सरसकट एक विशेषण लावले की हा भेद बुजतो.

(कंपनीने स्वतः इंग्रजीत ‘वापरलेला’ हा शब्द टाळून ‘उड्डाणाने सिद्ध झालेला’ अशा अर्थाची संज्ञा रूढ केली, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. जुनी मोटार विकणाऱ्यालाही गाडी ‘वापरलेली’ म्हणवत नाही. तो ती ‘चालू’ आहे म्हणतो. मात्र ही संज्ञा केवळ सौम्योक्ती म्हणून सोडून देता येत नाही. पहिल्या उड्डाणात दोष उघडे पडतात हे खरे, आणि त्याच उड्डाणात झीज होते हेही खरे. शब्दाने यांपैकी पहिले तेवढे उचलले आहे.)

ड्रॅगनचाच हिशेब मांडून पाहू. मे २०१२ मध्ये स्थानकाला जोडले गेलेले ते पहिले व्यावसायिक यान. त्यानंतरच्या करारातील पहिल्या दहा खेपांना प्रत्येक वेळी नवी कुपी वापरली गेली. एकदा जाऊन आलेली कुपी पुन्हा उडाली ती ३ जून २०१७ रोजी, अकराव्या खेपेस. हीच कुपी २०१४ मध्ये चौथ्या खेपेला गेली होती. तिचा सांगाडा आणि दिशा देणारी लहान इंजिने जुनी होती. उष्णतारोधक ढाल व विद्युत्घट नवे होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याने बाधलेले भाग बदललेले होते. मग ती ‘तीच’ कुपी कोणत्या अर्थाने? मिलिंदप्रश्नात नागसेनाने राजाला रथाविषयी जे विचारले ते आपणांस परिचित आहे : चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि तरीही ‘रथ’ हा व्यवहार चालतो. तो व्यवहार नावाने चालतो. ड्रॅगनच्या मालवाहू कुप्या केवळ क्रमांकाने ओळखल्या जातात. माणसे नेणाऱ्या पाच कुप्यांना मात्र विशेषनामे आहेत : एन्डेव्हर, रेझिलियन्स, एन्ड्युरन्स, फ्रीडम आणि ग्रेस. यांतील ‘एन्डेव्हर’ हे नाव तर शटलच्या एका कक्षायानाचे होते, आणि मे २०२० मध्ये ही कुपी प्रथम नेणारे हर्ली व बेंकन हे दोघेही आपल्या पहिल्या अवकाशप्रवासाला त्याच कक्षायानातून गेले होते. हाही एक पुनर्वापरच, परंतु शब्दाचा. कुपी ‘एन्डेव्हर’ ऑगस्ट २०२५ मध्ये सहाव्यांदा उडाली.

तथापि सगळ्यांत अधिक दडते ते परत न येणाऱ्या भागांविषयीचे. ‘पुनर्वापरयोग्य यान’ ही संज्ञा परतणाऱ्या अंशावरून संपूर्णाला नाव देते. फाल्कनचा पहिला टप्पा खाली उतरतो. दुसरा टप्पा प्रत्येक वेळी नवा असतो आणि तो पुन्हा वापरला जात नाही. ड्रॅगनच्या कुपीला मागे एक पोकळ नळकांडे जोडलेले असते. इंग्रजीत त्याला ट्रंक म्हणतात. सौरघट त्याच्यावर असतात, हवेची गरज नसलेला माल त्यात भरतात. परतताना कुपी त्यापासून वेगळी होते आणि ते सोडून दिले जाते. ते वातावरणात पूर्णपणे जळून जाईल अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतातील शेतजमिनीत त्याचे मोठे तुकडे सापडले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात सापडले. कोणाला इजा झाली नाही. पण त्यामुळे २०२५ पासून ड्रॅगनचे उतरणे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून पॅसिफिक महासागराकडे हलविण्यात आले, म्हणजे नळकांडे शेवटपर्यंत जोडलेले ठेवून निर्जन समुद्रावर टाकता यावे. शुक्ला यांची कुपी १५ जुलै २०२५ रोजी सॅन दिएगोजवळ समुद्रात उतरली. यानाच्या टाकाऊ भागाने त्याच्या परतीचा महासागर ठरविला, आणि आपल्या परिभाषेत त्या भागाला जागाच नाही.

शटलच्या इतिहासात हीच गोष्ट फार मोठ्या किमतीला शिकावी लागली. ‘शटल’ म्हणजे विणकराचा धोटा. ताण्याच्या धाग्यांमधून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाणारा, स्वतः अखंड राहणारा. नावात एवढा अखंडपणा असताना बाहेरची अवाढव्य इंधनटाकी दर उड्डाणाला फेकली जाई. जानेवारी २००३ मध्ये त्या टाकीवरील फेसाचा तुकडा निखळून ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला; १ फेब्रुवारीला परतताना यान भंगले आणि कल्पना चावला यांच्यासह सात जण मृत्यू पावले. फेकावयाच्या वस्तूने ठेवावयाच्या वस्तूचा घात केला. यावरून फेकावयाचे तेवढेच घातक असा सिद्धान्त कोणी काढील तर तोही टिकणार नाही. १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’चा नाश ज्या बाजूच्या अग्निबाणाच्या सांध्यातून झाला, ते अग्निबाण समुद्रातून काढून पुन्हा वापरण्याचेच होते. म्हणून प्रश्न प्रत्येक भागाचा वेगवेगळा विचारावा लागतो, आणि यानाचे एकच विशेषण तसा विचारू देत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २० एप्रिल २०१९ चे आहे. महिन्याभरापूर्वी स्थानकावर निर्मनुष्य जाऊन आलेली ड्रॅगनची कुपी त्या दिवशी फ्लोरिडात जमिनीवरील चाचणीत स्फोटाने नष्ट झाली. संकटकाळी कुपीला अग्निबाणापासून दूर नेणाऱ्या इंजिनांच्या नळीत, एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेतून गळून थोडे द्रव साचले होते. दाब चढताच ते वेगाने झडपेवर आदळले आणि तिने पेट घेतला. उपाय काय केला? पुनःपुन्हा उघडझाप करणारी झडप काढून तेथे दाबाने एकदाच फुटणारी चकती बसविली. म्हणजे पुन्हा वापरावयाचे यान अधिक सुरक्षित करण्यासाठी त्यातील पुन्हा वापरता येणारा भाग काढून एकदाच वापरता येणारा घातला. अभियांत्रिकीत यात काहीच विसंगती नाही. विसंगती दिसते ती ‘पुनर्वापर’ हा एक सर्वंकष गुण आहे असे शब्दाने सुचविल्यामुळे.

पर्याय कोणता? नवा शब्द घडविण्यापेक्षा असलेला पाहावा. अग्निबाण सोडण्याला आपण ‘प्रक्षेपण’ म्हणतो. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. फेकलेले परत येत नाही. (रावणाचा वध करून रामाच्या भात्यात परतलेला बाण वाल्मीकीने वर्णिला आहे, पण तो अपवाद.) याच धातूच्या ‘क्षेप’पासून प्राकृताच्या वाटेने मराठीत ‘खेप’ हा शब्द आला, आणि येताना त्याचा अर्थ पालटला. खेप म्हणजे एका वेळचा माल, जाऊन येण्याची एक फेरी, आणि ‘या खेपेस’ म्हणताना नुसती गणनाही. पाण्याच्या खेपा घालणाऱ्या बाईचा हंडा ‘पुनर्वापरयोग्य’ आहे असे कोणी म्हणत नाही. तिने किती खेपा घातल्या ते सांगतात. ‘सहाव्या खेपेची कुपी, पहिल्या खेपेची ढाल, दुसऱ्या खेपेचा पहिला टप्पा’ अशी रचना केली की क्षमतेऐवजी घडलेले सांगावे लागते, आणि भागवार सांगावे लागते. जो भाग एकाच खेपेचा आहे तोही मग यादीत आपोआप येतो. यावर कोणी म्हणेल की ‘खेप’ हा बैलगाडीचा आणि पाणवठ्याचा शब्द आहे, शास्त्राला शोभणारा नव्हे. शटलचे नाव मागावरून आले, हे त्याने ध्यानात घ्यावे.

मागील नळकांड्याच्या नावाचा प्रश्न मात्र उरतो. ‘ट्रंक’ हा शब्द मराठीत पूर्वीच स्थायिक झालेला आहे, पण त्याने डोळ्यांपुढे येते ती पत्र्याची, कुलूप लावलेली पेटी. तीत माणूस जपून ठेवावयाच्या वस्तू ठेवतो. ‘पुच्छभाग’ म्हणावे तर तो यानाचा अविभाज्य अवयव वाटतो. सामान्य मराठी वाचकाला समजेल आणि तो भाग गळून पडणारा आहे हेही सांगेल असा शब्द विभागातील अभ्यासकांनी सुचवावा. ऑस्ट्रेलियातील ज्या शेतकऱ्यांच्या जमिनीत ते तुकडे उभे रुतलेले आढळले, त्यांनाही आरंभी त्यांना काय म्हणावे हे ठाऊक नव्हते.