अवकाशातील असुर आणि बोलका संकासुर : ‘मूनरेकर’च्या निमित्ताने

१

लोकप्रिय कथनप्रकारांकडे मराठी समीक्षेने बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी अव्हेराची : जे सूत्रबद्ध ते रंजनपर, आणि जे रंजनपर ते समीक्षेच्या कक्षेबाहेरचे. दुसरी दृष्टी समाजशास्त्रीय कुतूहलाची : कृतीला लक्षण मानून तिच्यावरून समाजाच्या प्रकृतीचे निदान करावयाचे. पहिल्या दृष्टीत कृती वाचलीच जात नाही. दुसरीत ती वाचली जाते, पण कृती म्हणून नव्हे. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथांच्या वाट्याला मराठीत हेच आले. हेरपट, आणि त्यातही अवकाशात जाणारा हेरपट, या दोन्ही दृष्टींना सोपाच. त्याचे सूत्र ठाऊक आहे, शेवट ठाऊक आहे. मग वाचायचे काय उरते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी येथे लुईस गिल्बर्ट दिग्दर्शित ‘मूनरेकर’ (१९७९) हा जेम्स बाँड चित्रपट निवडला असून तो सिंधुदुर्गातील दशावतारी नाट्यप्रकाराशेजारी ठेवून पाहिला आहे. दोहोंत साम्य आहे हे सिद्ध करणे हा उद्देश नाही. अद्भुताच्या पोटी साम्ये कोठेही सापडतात. मात्र दोन्ही रूपबंध आमूलाग्र सूत्रबद्ध आहेत, दोहोंच्या केंद्रस्थानी समस्त सृष्टीवर उठलेला असुर आहे आणि दोन्ही ठिकाणी प्रेक्षक एका विद्रूप देहाला हसतो. हे हास्य दोन ठिकाणी एकच काम करते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

इयन फ्लेमिंगच्या मूळ कादंबरीत (१९५५) अवकाशप्रवास नाही. तेथील ‘मूनरेकर’ हे इंग्लंडच्या संरक्षणासाठी म्हणून उभारलेले क्षेपणास्त्र आहे आणि छुपा नाझी असलेला ह्यूगो ड्रॅक्स ते लंडनवर सोडू पाहतो. कथा इंग्लंडातच घडते. चित्रपटाने नाव आणि खलनायक तेवढे ठेवले. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) यशानंतर निर्मात्यांनी आधी जाहीर केलेला चित्रपट मागे ठेवून हा हाती घेतला, आणि कॅलिफोर्निया, व्हेनिस, रिओ व ॲमेझॉनचे खोरे असा प्रवास करीत कथा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकापर्यंत पोहोचली. त्यात दिसणारे अवकाशयान तेव्हा प्रत्यक्षात उडालेलेही नव्हते. ‘कोलंबिया’चे पहिले उड्डाण १२ एप्रिल १९८१ रोजी झाले.

हा बदल केवळ स्थळाचा नाही. कादंबरीतील ड्रॅक्सचे लक्ष्य एक शहर आहे, चित्रपटातील ड्रॅक्सचे लक्ष्य मनुष्यजात आहे. दुर्मीळ ऑर्किडपासून सिद्ध केलेला, माणसांना मारणारा पण पशूंना आणि वनस्पतींना अपाय न करणारा विषारी वायू गोलकांत भरून तो पृथ्वीवर सोडणार, आणि स्थानकावर जपून ठेवलेल्या निवडक, निर्दोष देहांच्या स्त्रीपुरुषांपासून नवी प्रजा निर्माण करणार. राष्ट्राचा शत्रू येथे सृष्टीचा शत्रू होतो. हेरकथेची सीमा ओलांडून कथा पुराणाच्या प्रदेशात शिरते ती या क्षणी, यान आकाशात झेपावते तेव्हा नव्हे.

उम्बेर्तो इकोने १९६५ च्या आपल्या निबंधात फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांची रचना चौदा द्वंद्वे आणि नऊ खेळ्या यांच्या आधारे मांडली. बुद्धिबळाप्रमाणे सोंगट्या ठरलेल्या, चालीही ठरलेल्या. वाचकाचा आनंद नवे काही कळण्यात नसून माहीत असलेले पुन्हा घडताना पाहण्यात आहे, असे त्याचे प्रतिपादन. इकोने आणखी एक गोष्ट नोंदविली : फ्लेमिंगचा खलनायक बहुधा देहाने विकृत आणि वंशाने संमिश्र असतो. कुरूपता हीच दुष्टतेची खूण.

चित्रपटाने ही खूण दुभंगली आहे. मायकेल लॉन्सडेलचा ड्रॅक्स सुसंस्कृत, मृदुभाषी आणि पियानो वाजविणारा आहे. विद्रूपता त्याच्यापासून काढून रिचर्ड कीलने साकारलेल्या जॉजला दिली आहे : अतिप्रचंड देह, पोलादी दात आणि मौन. परिणामी सौंदर्याचे वेड असलेला एक खलनायक आणि त्या सौंदर्यात कधीच न बसणारा त्याचा सेवक अशी जोडी तयार होते. चित्रपटाचा खरा पेच या जोडीत आहे.

३

दशावताराचा प्रेक्षकही सूत्र जाणूनच बसतो. कार्तिकापासून सिंधुदुर्गातील गावोगावच्या जत्रांचा हंगाम सुरू झाला की वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर अशा नावांनी ओळखली जाणारी मंडळे देवळापुढे रात्रभर खेळ करतात. प्रारंभी आड दशावतार : सूत्रधाराचे स्तवन, गणपती आणि ऋद्धिसिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, वेद चोरणारा संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. त्यानंतर आख्यान. आख्यानाची लिखित संहिता नसते. प्रसंगांचा क्रम आधी ठरतो आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात.

बाँडपटातील श्रेयनामावलीपूर्वीचा प्रसंग आणि आड दशावतार यांची जागा सारखीच आहे. हवाई छत्रीशिवाय विमानातून फेकला गेलेला बाँड वाचणारच, आणि संकासुर मरणारच. पुढील कथानकाला यांतले काही अपरिहार्य नाही. ‘आता नेहमीचे जग संपले’ एवढाच करार येथे होतो. मात्र तो दोन ठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने पाळला जातो. दशावताराच्या रंगस्थळी एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच रथ, तेच कैलास. अवकाश येथे संकेताने उभे राहते आणि ते पूर्ण करण्याचे काम प्रेक्षकावर सोपविलेले असते. ‘मूनरेकर’मध्ये केन ॲडमने उभारलेले स्थानक प्रेक्षकाकडे काही मागत नाही. ते दाखविते, आणि दाखविण्यातच थांबते. अलीकडे दशावतारातही ‘ट्रिकसीन’ची जाहिरात होऊ लागली आहे, तेव्हा हा भेद लोककला आणि यंत्रकला यांच्यातला नाही, प्रेक्षकावर काय सोपवावयाचे यासंबंधीचा आहे.

आकाशस्थ दुर्गाची कल्पना आपल्या परंपरेला नवी नाही. मयाने तारकासुराच्या पुत्रांसाठी सुवर्ण, रजत आणि लोह यांची तीन पुरे रचली. ती एका रेषेत आली तेव्हाच शिवाने ती एका बाणाने जाळली. त्रिपुरारी पौर्णिमेच्या दीपोत्सवामागे हीच कथा आहे. चित्रपटाच्या अखेरीस पृथ्वीकडे निघालेले तीन गोलक बाँड आणि हॉली गुडहेड यांना नष्ट करावयाचे असतात आणि तिसरा अगदी शेवटच्या क्षणी नेमावर येतो. योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. पण एक फरक अर्थपूर्ण आहे : त्रिपुरांचे असुर तपाने वर मिळवितात, म्हणजे त्यांच्या सामर्थ्याचा उगम देवांच्याच व्यवस्थेत असतो आणि कथा ते लपवीत नाही. ड्रॅक्सही अमेरिकेला अवकाशयाने पुरविणारा उद्योगपती आहे. त्याला वर देणारी व्यवस्था चित्रपटात आहे, परंतु तिला कोणी जाब विचारीत नाही. शेवटी तिचेच सैनिक लेझर घेऊन अवकाशात उतरतात आणि प्रश्न मिटतो.

४

आता हास्याकडे. काळ्या वेषातला संकासुर वेदांचा चोर आहे, तरी खेळाच्या या भागात जत्रेला त्याचीच ओढ असते. देव प्रमाण, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. संकासुर मालवणी बोलतो. सूत्रधाराशी त्याचा जो वाद चालतो त्यात गावच्या घडामोडी, पुढारी, महागाई, समोर बसलेली माणसे, सारे येते. त्याचे रूप हास्यास्पद असले तरी हसू त्याच्या रूपाशी थांबत नाही. तो त्याची दिशा वळवितो. तो मरतो, पण बोलून मरतो. ‘मूनरेकर’च्या पुढच्याच वर्षी, १९८० साली, रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने हीच शक्ती शहरी नाट्यगृहात नेली. पौराणिक कथेच्या तोंडी मालवणी येताच पुराण खाली येत नाही, गाव वर येते, हे त्या नाटकाने दाखवून दिले.

जॉजचे काय होते? स्थानकावर ड्रॅक्स आपली योजना सांगत असताना बाँड त्याच्याकडून एवढेच वदवून घेतो की ठरलेल्या मापात न बसणारे कोणीही शिल्लक राहणार नाही. जॉज ऐकतो, शेजारी उभ्या असलेल्या ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या डॉलीकडे पाहतो आणि बाजू बदलतो. कोणतेही शस्त्र न वापरता, केवळ एका विचाराने घडलेले हे परिवर्तन चित्रपटातील सर्वांत गंभीर क्षण आहे. सूत्राला येथे अकस्मात नैतिक भान येते : ज्याचा देह दुष्टतेची खूण होता तोच देह मानवतेचा साक्षीदार ठरतो.

पण चित्रपटाला हे भान पेलत नाही. जॉज आणि डॉली यांचे प्रेम आधीपासून केवळ विनोदासाठी वापरलेले आहे. राक्षसी उंचीचा पुरुष आणि बुटकी मुलगी, पार्श्वभूमीला गोड संगीत. प्रेक्षकाला ज्या विसंगतीवर हसविले जाते, नेमकी तीच ड्रॅक्स नष्ट करू पाहतो. हसणारा प्रेक्षक क्षणभर ड्रॅक्सच्या बाकावर बसलेला असतो आणि चित्रपट त्याला तेथून उठवीत नाही. दोन चित्रपटांत मिळून जॉज एकदाच बोलतो. तेही पेला उंचावून केलेल्या छोट्याशा शुभेच्छेपुरते. पृथ्वीचा वारसा अखेर बाँड आणि हॉली या निर्दोष देहांच्या जोडीकडेच येतो. ड्रॅक्स हरतो, त्याचा सौंदर्यनिकष हरत नाही.

५

येथे एक आक्षेप संभवतो. विधिनाट्य आणि व्यापारी चित्रपट यांची तुलना करून पहिल्याला गौरवणे सोपे आहे. दशावतारही निर्दोष नाही. काळा वेष, बोलीभाषा आणि असुरत्व यांची सांगड तेथेही आहे. वेद चोरणाऱ्याच्याच तोंडी गावची भाषा का, हा प्रश्न जातिव्यवस्थेच्या संदर्भात विचारावाच लागेल. स्त्रीपात्रेही पुरुषच करतात; म्हणजे कोणाला बोलू द्यायचे याचे नियम तेथेही आहेत. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. दशावताराचे सूत्र अधिक न्याय्य आहे असा दावा येथे नाही. ते सूत्र प्रत्येक रात्री नव्याने बोलले जाते, त्यामुळे त्यात प्रत्युत्तराला जागा राहते, एवढाच दावा आहे. संकासुराचा वध ठरलेला आहे, त्याचे बोलणे ठरलेले नाही.

‘मूनरेकर’च्याच वर्षी जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि मराठी विज्ञानकथेला अवकाश गवसले. तेव्हापासून या कथाप्रकाराची चर्चा बहुधा विज्ञानाच्या अचूकतेभोवती फिरत राहिली. अवकाशकथेला विचारण्याजोगा दुसराही प्रश्न आहे : पृथ्वीपासून दूर गेल्यावर ‘माणूस’ या शब्दात कोणकोण उरते आणि ते ठरविताना कोणाला बोलू दिले जाते? हा प्रश्न विचारला की सूत्रबद्धता हा कृतीचा दोष राहत नाही; ती वाचनाची सुरुवात ठरते. ज्याचा शेवट सर्वांना ठाऊक आहे अशा कथेत समीक्षकाने शेवटाकडे पाहू नये. मध्ये कोण बोलले आणि कोण गप्प राहिले, ते ऐकावे.