‘इन मराठी’ ही कुठली विभक्ती?

मोबाईलवर मराठीत काहीही शोधा, पहिल्या दहा निकालांत या घाटाचं एखादं तरी शीर्षक हमखास सापडतं: ‘ऊस लागवड संपूर्ण माहिती | शुगरकेन फार्मिंग इन मराठी’. मध्ये उभी रेघ. डावीकडे मराठी, उजवीकडे रोमन लिपीतलं इंग्रजी, आणि शेपटाला ‘इन मराठी’. म्हणजे मराठी पानावर मराठी वाचकाला इंग्रजीतून सांगितलं जातंय की हे पान मराठीत आहे. शाळेत आपण प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठ विभक्त्या घोकल्या. ही नववी कुठून आली?

ती आली कीवर्ड रिसर्चच्या साधनांतून. गूगल कीवर्ड प्लॅनर, सेमरश, एचरेफ्स ही त्यातली ठळक नावं. लोक सर्च इंजिनात कोणते शब्द टाकतात, महिन्याला साधारण किती वेळा टाकतात आणि त्या शब्दावर वर येणं किती अवघड आहे, याचा अंदाज ही साधनं देतात. त्या आकड्यांवरून लेखाचा विषय ठरतो, मग शीर्षक, मग उपशीर्षकं. आज वेबवरच्या मराठी माहितीपर गद्याचा मोठा भाग असा लिहिला जातो. या गद्याला आपण ‘कंटेंट’ म्हणून सोडून देतो. पण एवढे लोक रोज जे वाचतात, त्याची समीक्षा व्हायला हवी असं मला वाटतं.

या गद्याची एक ठरलेली बांधणी आहे. ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या लेखात आपण ऊस लागवड या विषयाची संपूर्ण माहिती पाहणार आहोत’ ही सुरुवात. हे वाक्य लेखकाच्या बोलघेवडेपणातून आलेलं नाही. कीवर्ड पहिल्या शंभर शब्दांत बसवायचा असतो म्हणून ते आलंय. पुढचं उपशीर्षक: ‘ऊस म्हणजे काय?’ लागवडीची माहिती शोधणाऱ्याला ऊस म्हणजे काय हे माहीत नसेल, असा शेतकरी सांगलीत सोडा, जगात कुठे सापडणार? पण साधनाच्या प्रश्नांच्या यादीत ‘म्हणजे काय’ वर असतं, म्हणून ते इथेही वर. मग ‘ऊस लागवडीचे फायदे’, मग ‘निष्कर्ष’. शेवटी ‘माहिती आवडली असल्यास नक्की शेअर करा’. दीड हजार शब्द होतात, पण सुरू, पूर्वहंगामी आणि आडसाली या तीन हंगामांत नेमका काय फरक पडतो, हे वाचकाला कळलेलं नसतं.

याचा सगळा दोष साधनांवर टाकणं मात्र चूक ठरेल. या साधनांचा एक गुण मराठी लेखकाने मान खाली घालून शिकावा असा आहे: ती वाचकाचा शब्द दाखवतात. जमिनीच्या सरकारी कागदाला छापील भाषेत ‘अधिकार अभिलेख’ म्हणतात, लोक मात्र ‘सातबारा’ शोधतात. आपण ‘पर्जन्यमान’ लिहितो, लोक ‘पाऊस’ टाकतात. मराठी गद्याला तज्ज्ञाच्या शब्दांचा जो सोस आहे, त्यावर हा उतारा आहे. ज्याच्यासाठी लिहायचं त्याच्या तोंडातला शब्द आधी ऐकावा, हे तत्त्व कुठल्याही चांगल्या संपादकाला पटेल.

अडचण पुढे सुरू होते. साधन मोजतं काय आणि आपण त्याचा अर्थ काय लावतो, यातल्या फटीत मराठी हरवते.

पहिली गोष्ट व्याकरणाची. इंग्रजीत ‘शुगरकेन’ला पुढेमागे काहीही लावा, शब्द तसाच राहतो. मराठीत ऊस, उसाला, उसावर, उसातली, उसाच्या. सामान्यरूप होताना पहिलं अक्षरही बदलतं. युनिकोडमध्ये ऊ आणि उ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या नजरेने ‘उसाला’मध्ये ‘ऊस’ नाहीच. त्यात कुणी ‘उस’ लिहितं, कुणी रोमन लिपीत. रोमनमध्ये यू आणि एस ही दोन अक्षरं लिहिली की तो शब्द कधी इंग्रजी सर्वनाम होतो, कधी अमेरिका. एकच गरज अशी दहा-बारा रूपांत विभागली जाते. प्रत्येक रूपाचा आकडा लहान दिसतो, आणि काही रूपं तर यादीत येतच नाहीत.

दुसरी गोष्ट लिपीची. ‘शिक्षा’ हा शब्द घ्या. हिंदीत तो शिक्षण, मराठीत दंड. साधनात देश ‘भारत’ निवडून हा शब्द टाकला, तर येणाऱ्या आकड्यात दोन्ही भाषांची माणसं मिसळलेली असतात. बरीच साधनं आधी देश विचारतात, भाषेचा विचार नंतर. अमेरिकेत हे बऱ्यापैकी चालून जातं. एका देशात इतक्या भाषा आणि त्यातल्या काहींची लिपी एक, ही आपली परिस्थिती त्या रचनेत बसत नाही.

तिसरी गोष्ट आकड्यांच्या स्वभावाची. कीवर्ड प्लॅनर हे जाहिरातदारांसाठी बनवलेलं साधन आहे. त्यातला ‘कॉम्पिटिशन’चा रकाना जाहिरातदारांमधली चुरस सांगतो, निकालांत वर येण्याची अवघड पातळी नव्हे, तरीही अनेक जण तो तसाच वाचतात. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्याला नेमका आकडाही मिळत नाही, १० ते १००, १०० ते १००० असे पट्टे मिळतात. एचरेफ्सचा ‘डिफिकल्टी’ आकडा पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या साईट्सनी लिंक दिल्या आहेत त्यावरून काढला जातो. मराठी साईट्स एकमेकींना क्वचितच लिंक देतात, त्यामुळे मराठी शब्द बहुधा ‘सोपे’ दिसतात. आणि मासिक सरासरी हंगाम लपवते. समजा एखादा शब्द फक्त जूनमध्ये १२०० वेळा शोधला गेला, तर वर्षाची सरासरी महिन्याला १००. शेतीच्या विषयात ही सरासरी जवळजवळ निरर्थक आहे.

याची किंमत कोण मोजतं? हुमणीचं उदाहरण घेऊ. ही अळी जमिनीत राहून उसाची मुळं खाते. पहिल्या वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे संध्याकाळी बाहेर पडतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून, प्रकाश सापळे लावून ते गोळा करायचे ते तेव्हाच. पुढे पावसाळ्यात बेट पिवळं पडतं, तोवर अळी मोठी झालेली असते. आता त्या शेतकऱ्याच्या हातातला मोबाईल बघा. तो ‘हुमणी’ टाईप करेलच असं नाही. किडीचं नाव त्याला अजून कळलेलंच नसेल. तो टाकतो ‘ऊस पिवळा पडतोय’, किंवा माईक दाबून बोलतो. त्याला असं पान हवं, जे सांगेल की पिवळेपणाची कारणं अनेक: पाण्याचा निचरा नसेल, लोहाची कमतरता असेल किंवा हुमणी असेल, बेट ओढून बघा, सहज उपटून आलं तर मुळं खाल्ली गेली आहेत. पण ‘ऊस पिवळा पडतोय’समोर साधन शून्य किंवा नुसती आडवी रेघ दाखवतं, म्हणून ते पान कुणी लिहीत नाही. सगळे ‘ऊस लागवड माहिती’च लिहितात. मग शोधणाऱ्याला तेच मिळतं, तो त्यावरच टिचकी मारतो, आणि पुढच्या वर्षी साधन सांगतं की लोकांना हेच हवंय.

म्हणजे मोजमाप हळूहळू मागणी घडवतं. मराठीसारख्या वेबवर मजकूर कमी असलेल्या भाषेत हे चक्र लवकर घट्ट होतं.

गंमत म्हणजे सर्च इंजिन या साधनांच्या पुढे गेलंय. पानाच्या कोडमधला ‘मेटा कीवर्ड्स’ हा टॅग क्रमवारीसाठी आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं. २०१९ मध्ये गूगल सर्चमध्ये वापरात आलेलं बर्ट हे मॉडेल सुट्या शब्दांऐवजी वाक्यातले शब्दांचे संबंध बघतं. रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध पूर्वी कधीच केले गेले नव्हते, असं गूगल वर्षानुवर्षं सांगत आलंय. ते शोध कुठल्याच जुन्या यादीत असू शकत नाहीत.

मग साधनं फेकून द्यायची का? नाही, पण वापरायचा क्रम उलटा करायचा. आधी आपल्या विषयाचे शब्द माणसांकडून गोळा करायचे: सगळी सामान्यरूपं, चुकीची शुद्धलेखनं, रोमन स्पेलिंगं, बोलीतली नावं. मग ती साधनात टाकायची आणि एकेकाचा आकडा न बघता कुटुंबाची बेरीज बघायची. शून्याचा अर्थ ‘कुणाला नको’ असा न घेता ‘मोजलं गेलेलं नाही’ असा घ्यायचा. स्वतःची साईट असेल तर सर्च कन्सोल नियमित वाचायचा; खऱ्या माणसांनी टाकलेले खरे शब्द तिथे १६ महिन्यांपर्यंत दिसतात. फार विरळ शोध तिथेही गोपनीयतेसाठी झाकलेले असतात, हे लक्षात ठेवायचं. आणि लिहायच्या आधी तो शब्द मोबाईलवर स्वतः शोधून वरची पाच पानं शेवटपर्यंत वाचायची. त्यात जे उत्तर नाही, तेवढंच लिहायचं.

‘इन मराठी’ टाईप करणाऱ्या माणसाला हसण्यात अर्थ नाही. आपल्याला इंग्रजी पानांवर नेऊन सोडतील, ही भीती त्याला अनुभवाने शिकवलीय. ते दोन शब्दांचं आर्जव आहे: मला माझ्या भाषेत सांगा. आपण ते आर्जव ऐकलं, आणि उत्तर म्हणून तेच शब्द शीर्षकात चिकटवून दिले. खालचं पान मात्र रिकामंच ठेवलं.