शिकवणाऱ्या विमानाला गुण कशाचे?

नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे 'एचटीटी-४०' या प्रशिक्षण विमानाची दुसरी उत्पादन साखळी सुरू झाली. पुढे आम्ही मेहकर तालुक्यातील एका शाळेत गेलो, तेव्हा नववीच्या मुलांनी त्या बातमीचे कात्रण फळ्याशेजारी चिकटवले होते. मलकापूरला गाडीत बसले की त्याच रुळांवर नाशिकरोड लागते, त्यामुळे बुलढाण्याच्या मुलांना हे विमान घरचेच वाटते. मात्र एका मुलीने विचारले, "सर, जेट विमाने असताना याला पंखा कशाला? हे जुने आहे का?"

कात्रणात विमानांची संख्या होती, किंमत होती, 'स्वदेशी' हा शब्द तर जागोजागी होता. मुलीच्या प्रश्नाला उत्तर नव्हते. आमची तक्रार एका वर्तमानपत्राविषयी नाही. शिकवण्यासाठी बनवलेल्या विमानाविषयी लिहिताना ते शिकवते कसे, हेच आपण सोडून देतो.

आधी पंख्याचे पाहू. विमान पुढे जाते ते हवा मागे ढकलून. धावपट्टीवर उभ्या विमानाने दर सेकंदाला १० किलो हवा सेकंदाला ५०० मीटर वेगाने मागे फेकली, तर ५००० न्यूटन जोर मिळतो. १०० किलो हवा ५० मीटर वेगाने फेकली, तरी जोर तेवढाच. आता गतिज ऊर्जा काढा. पहिल्या वेळी दर सेकंदाला साडेबारा लाख ज्यूल खर्च होतात, दुसऱ्या वेळी सव्वा लाख. जोर तोच, खर्च दहावा हिस्सा! मोठा पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो, म्हणून कमी वेगाला तो फायद्याचा. वेग फार वाढला की पंख्याच्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ जातात आणि फायदा संपतो. नवशिक्याला त्या वेगाची गरजच नसते.

हा पंखा फिरवतो कोण? विहिरीवरच्या डिझेल इंजिनात दट्ट्या मागेपुढे होतो आणि त्यावरून चाक फिरते. टर्बोप्रॉपमध्ये दट्ट्या नाही. तापलेल्या वायूच्या झोतावर टर्बाइन सरळ गोल फिरते. एचटीटी-४० च्या इंजिनात हे फेरे मिनिटाला चाळीस हजारांच्या वर जातात, आणि पंख्यापर्यंत पोचेतो दात्यांची चाके ते दोन हजारांच्याही खाली आणतात. म्हणजे या विमानाच्या पोटात जेटचाच भाऊ बसला आहे. मुलीला आम्ही हेच सांगितले.

खरी टीका पुढेच आहे. आपल्या हवाई दलाचे आधीचे प्राथमिक प्रशिक्षण विमान 'एचपीटी-३२ दीपक'. त्याचे पहिले उड्डाण १९७७ चे, इंजिन २६० अश्वशक्तीचे, दट्ट्याचे. ते हवेत बंद पडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या, आणि वैमानिकाला बाहेर फेकून वाचवणारी खुर्ची त्यात नव्हती. १७ अपघातांत १९ वैमानिक गेले. ३१ जुलै २००९ ला मेदकजवळ दोन प्रशिक्षक मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे हे विमान जमिनीवर बसवले गेले. आणि याच विमानाची टर्बोप्रॉप आवृत्ती, 'एचटीटी-३४', १९८४ मध्येच उडाली होती! ती सेवेत घेतली नाही. पंचवीस वर्षे उत्तर कपाटात आणि विद्यार्थी जुन्याच बाकावर.

त्यानंतरची चार वर्षे नवशिक्यांना एकदम 'किरण' या जेट विमानावर बसवले गेले. पहिलीचा वर्ग बंद पडला म्हणून मुलांना तिसरीत बसवावे, तसेच हे. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडची ७५ 'पिलाटस' टर्बोप्रॉप विमाने येऊ लागली, तेव्हा गाडी रुळावर आली.

या कसोटीवर एचटीटी-४० ला आम्ही चांगले गुण देतो. विद्यार्थी आणि प्रशिक्षक दोघांनाही जमिनीवरून, शून्य वेगालासुद्धा, बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या त्यात आहेत. पहिले उड्डाण ३१ मे २०१६ चे असले, तरी 'स्पिन'च्या चाचण्यांत पुढची काही वर्षे गेली. पंखांवरची उचल तुटून विमान गरगरत खाली येऊ लागते, ते स्पिन. नवशिक्याला यात मुद्दाम पाडून बाहेर यायला शिकवतात, म्हणून विमानानेही दर वेळी खात्रीने बाहेर आले पाहिजे. त्यासाठी शेपटीत बदल करावे लागले. या विलंबाची पुष्कळ थट्टा झाली. आमच्या मते तो वेळ सत्कारणी लागला. विलंबाबद्दल रागवायचेच तर १९८४ नंतरच्या वर्षांबद्दल रागवावे.

'स्वदेशी'चे गुण मात्र जपून द्यावेत. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा सुमारे ६८०० कोटी रुपयांचा करार झाला. आराखडा आपला, सांगाडा आपला. पण वर ज्या टर्बाइनचे कौतुक केले ते अमेरिकेच्या हनीवेल कंपनीचे आहे. २०२२ मध्ये अशा ८८ इंजिनांचा व्यवहार झाला. हे वर्गात सांगायला कमीपणा वाटू नये. त्या शाळेत सांगितल्यावर मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मग इंजिन आपल्याला का जमत नाही?" तास संपल्याची घंटा झाली होती, तरी कोणी उठले नाही. तापलेल्या वायूत न वितळणाऱ्या पात्यांच्या धातूपासून आम्ही सुरुवात केली.