माती गांदोची, गणित बर्लिनचे

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशात गांदो नावाचे एक खेडे आहे. तेथील प्राथमिक शाळेची इमारत २००१ साली पूर्ण झाली आणि २००४ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तिचे वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांना पुढे २०२२ मध्ये प्रित्झकर पारितोषिकही देण्यात आले. या शाळेविषयी जे लिहिले जाते त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो : गावचा मुलगा परदेशी शिकला, पण मातीला विसरला नाही, परंपरेच्या ज्ञानातून त्याने पर्यावरणपूरक शाळा उभारली. यातील परंपरेविषयीचे विधान जरा तपासून पाहावे लागेल.

गांदोतील घरे मातीचीच होती. पण पावसात ती झिजत आणि वारंवार डागडुजी करावी लागे. त्यामुळे जर्मनीत शिकणारा हा तरुण मातीची शाळा बांधू म्हणाला तेव्हा गावकऱ्यांना धक्काच बसला, असे केरे यांनी सांगितले आहे. गावकऱ्यांची शंका रास्त होती. परंपरेची मर्यादा त्यांना पुस्तके लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक होती!

शाळेच्या विटा त्या घरांच्या मातीसारख्या नाहीत. मातीत सुमारे ८ टक्के सिमेंट मिसळून त्या दाबून घट्ट केल्या आहेत. छपराची रचना तर अधिकच बोलकी आहे. पत्रा पातळ असल्यामुळे उन्हात झटकन तापतो आणि खाली बसलेल्यांवर उष्णतेचे प्रारण करीत राहतो. एप्रिलमध्ये पत्र्याच्या वर्गात शिकवलेल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. केरे यांनी पत्रा टाळला नाही, तो वर उचलला. वर्गावर प्रथम मातीच्या विटांचे छत, त्यावर मोकळी जागा, आणि त्याही वर बांधकामाच्या साध्या सळया वेल्ड करून केलेल्या कैच्यांवर पत्रा. पत्र्याखाली तापलेली हवा या मोकळ्या जागेतून निघून जाते. खाली येणारे प्रारण विटांच्या छतावर पडते आणि ते छत सावकाश तापते. शिवाय पत्रा भिंतींच्या बराच पुढे आलेला असल्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही भिंतींपासून दूर राहतात. म्हणजे गावकऱ्यांच्या शंकेचे अर्धे उत्तर सिमेंटने दिले, उरलेले छपराने.

सळयाच का, तर अवजड तुळया तिथवर आणणे आणि क्रेनशिवाय चढवणे शक्य नव्हते. हातकरवत आणि छोटे वेल्डिंग यंत्र वापरायला गावातील माणसे शिकली, तेवढ्यावर काम झाले.

हे सारे परंपरेच्या खाती जमा करणे म्हणजे अभ्यासाचे श्रेय नाकारणे आहे. केरे १९८५ मध्ये सुतारकाम शिकण्यासाठी शिष्यवृत्तीवर जर्मनीत गेले, रात्रशाळेत शिकले आणि १९९५ मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिष्यवृत्तीवर दाखल झाले. तिथली पदविका त्यांनी २००४ मध्ये घेतली. नावाने पदविका असली तरी त्या काळी तिचा दर्जा आपल्याकडील पदव्युत्तर पदवीचा होता. या सनावळीकडे लक्ष द्यावे. शाळा २००१ ची, पदवी २००४ ची! आधी शिक्षण पुरे करायचे आणि मग व्यवसाय, हा आपला नेहमीचा क्रम इथे लागू पडत नाही. लहानपणी तेंकोदोगो गावातील सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, हवा-उजेड नसलेल्या वर्गात शंभराहून अधिक मुलांबरोबर ते शिकले होते. हाच प्रश्न घेऊन ते विद्यापीठात बसले. स्थापत्याचे गणित तिथे सगळ्यांनाच शिकवले जात असणार, पण ते लावून पाहण्याजोगे उदाहरण त्यांच्याजवळ स्वतःचे होते.

तरीही ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द इथे जपूनच वापरावा. सिमेंट, सळई, पत्रा यांपैकी काहीही गांदोत तयार होत नाही. सिमेंट बनवताना इंधनातून, तसेच भट्टीत विघटन होणाऱ्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ८ टक्के हे थोडे आहे, शून्य नव्हे. दुसरी बाब पैशाची. सुमारे ३० हजार डॉलर खर्च आला. त्यासाठी केरे यांनी १९९८ मध्ये जर्मनीत संस्था स्थापून निधी उभा केला. म्हणजे बर्लिनने त्यांना विद्येइतकेच देणगीदारही दिले. ज्या गावाचा कोणी बर्लिनमध्ये नाही, त्याने काय करायचे? प्रशंसापर लेख हा प्रश्न सहसा विचारत नाहीत.

याचे थोडेफार उत्तर गांदोच्या आसपासच मिळाले. शेजारच्या दोन गावांनी ही शाळा पाहून सहकारी श्रमातून आपापल्या शाळा बांधल्या, आणि इथे तयार झालेल्या कारागिरांना सार्वजनिक बांधकामांवर काम मिळू लागले. केरे यांचाही अभ्यास पदवीपाशी थांबला नाही. गांदोच्याच शाळेचा विस्तार २००८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा पहिले छत जसेच्या तसे उचलले नाही. विटांची कमान घेतली आणि तिच्यात फटी ठेवल्या, त्यामुळे वर्गातली गरम हवाही वरून बाहेर जाऊ लागली.