कोरेस्माचे सहा रविवार आणि ‘ख्रिस्तपुराण’

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’बद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं ते बहुधा भाषेच्या अंगाने. मराठीच्या थोरवीच्या चार ओव्या उद्धृत करायच्या, परदेशी पाद्रीचं कौतुक करायचं, आणि ग्रंथ मिटायचा. पण हा ग्रंथ मुळात मंडळींना ऐकवण्यासाठी रचलेला आहे. गोव्यातल्या चर्चांमधून तो वाचला जात असे. तेव्हा त्याची खरी पारख ऐकवूनच करायला हवी. कोरेस्मासाठी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासाठी, या पुराणावर प्रवचनमाला आखायची झाली तर ते कितपत पुरं पडतं?

आधी हिशेब पाहू. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत 46 दिवस होतात. त्यातले 6 रविवार वगळले की उपवासाचे 40 उरतात. प्रवचनकाराच्या हाती आहेत हे सहा रविवार. पुराणाचा पसारा मात्र मोठा: पहिल्या पुराणात 36 अवस्वरू, दुसऱ्यात 59, आणि ओव्या जवळपास 11 हजार. एका अवस्वरूत सरासरीने शंभरावर ओव्या येतात. आजच्या उपासनेत एवढं वाचन कोण ऐकून घेणार? निवड करावीच लागेल, आणि मालेचं यशापयश त्या निवडीवरच ठरेल.

सहज सुचणारी निवड म्हणजे दुसऱ्या पुराणाचा शेवटाकडचा दुःखसहनाचा भाग. गोव्यातली परंपराही त्याच बाजूला ओढते. कोरेस्माच्या रविवारी ख्रिस्ताच्या यातनांचे देखावे दाखवून प्रवचन करायचं, मोतेत गायचे, ही इथली जुनी रीत. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हाला निघणारी संतांची मिरवणूकही याच ऋतूतली. डोळ्यांसमोर क्रूस असताना प्रवचनकाराने तिथूनच सुरुवात केली तर नवल नाही.

तरीही मला ही निवड चुकीची वाटते. 1616 साली हा ग्रंथ प्रथम छापला गेला तेव्हा त्याचं पोर्तुगीज शीर्षक तारणाऱ्या येशू ख्रिस्ताच्या जगात येण्याविषयीचं विवेचन, अशा अर्थाचं होतं. म्हणजे कवीचा भर ‘येण्या’वर आहे. त्यासाठी तो श्रोत्यांना 36 अवस्वरू थांबवून ठेवतो: आदाम-एवेचं पतन, नोहाचा पूर, अब्राहाम, मोशे, दावीद. ही वाट पाहणं गाळलं तर क्रूसाची कथा नुसती करुण उरते. ती कशासाठी घडली ते कळत नाही.

म्हणून पहिले दोन रविवार पहिल्या पुराणाला द्यावेत: एक पतनाला, दुसरा मोशेला आणि रानातल्या 40 वर्षांना. तिसऱ्याला येशूचे रानातले 40 दिवस आणि मोह घ्यावा. चाळिशीचा धागा श्रोत्यांना आपोआप सापडेल. चौथा त्याच्या चमत्कारांना आणि शिकवणीला, पाचवा लाजराला उठवण्याला, आणि सहावा, झावळ्यांचा रविवार, यरुशलेम आणि क्रूसाला. दर खेपेला वीस-पंचवीस ओव्या चालीवर म्हणाव्यात आणि मग त्यावर बोलावं. ओवी नुसती वाचली की अर्धी मरते.

दुसरी गोष्ट, पुराणाची मांडणी. आरंभी नवख्रिस्ती श्रोताच पाद्रीगुरूंकडे मागणी करतो: जुनी पुराणं आम्हाला बंद झाली, मग त्यांच्या जागी आम्ही काय ऐकायचं? सगळं काव्य या प्रश्नातून निघतं. आजच्या प्रवचनमालांत बहुधा विषयांची यादी असते, ऐकणाऱ्याचा प्रश्न नसतो. स्टीफन्सकडून उचलायचं असेल तर हे उचलावं. भाषेबाबतही तेच. प्रस्तावनेत तो सांगतो की कठीण जुने शब्द सोडून लोकांच्या तोंडचे सोपे शब्द घेतले. आज तेच ‘सोपे’ शब्द आपल्याला अडतात, म्हणून ओवीनंतर साध्या बोलीत अर्थ सांगायला लाजू नये. कवीने स्वतः तेच केलं असतं.

आता अडचणीची बाजू. त्या श्रोत्याची पुराणं आपोआप बंद झाली नव्हती, सत्तेने बंद केली होती. इथल्या देवदेवतांचा धिक्कार करणाऱ्या ओव्या ग्रंथात आहेत. त्या काळच्या दुःखसहनकथांत यहुद्यांवर सरसकट ठपका ठेवला जाई. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तो विचार नाकारला. असे भाग उपासनेत वाचू नयेत. पण ते लपवूही नयेत. अभ्यासवर्गात संदर्भासह उघडपणे वाचावेत. पश्चात्तापाच्या ऋतूत आपल्याच इतिहासाकडे डोळेझाक करणं विसंगत दिसेल.

सुरुवातीच्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून, नकला करणाऱ्यांच्या हातांमुळे. 1907 ची मंगळूरची रोमन आवृत्ती, 1956 ची बांदेलूंची देवनागरी आवृत्ती, या सगळ्यांमुळे पाठ आता हाताशी आहे. कमी आहे ती ऐकणाऱ्यांची. वसईत, जिथे उपासना आजही मराठीत चालते, तिथल्या एखाद्या धर्मग्रामाने पुढच्या कोरेस्माला हे सहा रविवार करून पाहावेत. ग्रंथ कपाटात राहिला तर आपण त्याची जयंती साजरी करू, एवढंच.