‘गौण’ ठरलेला मध : सोलिगांच्या मधसंकलन परंपरेच्या संदर्भात एका संज्ञेची चिकित्सा

प्रस्तावना :
आदिवासींच्या मधसंकलनाविषयी लिहिताना अभ्यासक साधारणतः दोन वाटांनी जातात. एक वाट अर्थशास्त्राची आहे. तेथे मध म्हणजे वजन, दर आणि उत्पन्न. दुसरी वाट लोकसंस्कृतीची आहे. तेथे मध म्हणजे गाणी, विधी आणि श्रद्धा. या दोन्ही वाटा एकमेकींना क्वचितच भेटतात. त्यामुळे मधावरील अधिकाराचा प्रश्न दोन्हींच्या मधल्या पोकळीत हरवतो. कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन टेकड्यांवर राहणाऱ्या सोलिगा जमातीच्या संदर्भात ‘गौण वनोपज’ या रूढ संज्ञेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संज्ञेचे स्वरूप :
वसाहतकालीन वनप्रशासनाने इमारती लाकडाला महसुलाचा मुख्य आधार मानले आणि उरलेल्या उत्पन्नाला ‘गौण’ ठरविले. म्हणजे ही विभागणी जंगलाच्या स्वरूपातून नव्हे, तर खजिन्याच्या सोयीतून आलेली आहे. स्वातंत्र्यानंतरही ती टिकून राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, वेत, लाख, तेंदूपाने, मेण यांच्याबरोबर मधावरील आदिवासींची मालकी मान्य केली, परंतु संज्ञा मात्र जुनीच ठेवली. मराठीतील शासकीय व्यवहारानेही ती जशीच्या तशी स्वीकारली आहे. जी वस्तू गौण मानली जाते, तिच्यावरील बंदीही गौण वाटू लागते, हा या शब्दाचा खरा धोका होय.

ज्ञानव्यवस्था म्हणून मध :
सोलिगा चार प्रकारच्या मधमाश्या ओळखतात. हेज्जेनु, तुडुवे, कड्डिजेनु आणि नेसरी ही त्यांची नावे. मराठी मुलखात परिचित असलेल्या आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली पोया या माश्यांशी त्या अनुक्रमे जुळतात. भाषाभ्यासक आउंग सी यांनी २०१३ मधील निबंधात आणि २०१६ मधील ग्रंथात सोलिगांच्या या निसर्गज्ञानाची भाषेच्या अंगाने मांडणी केली आहे. माश्यांची नावे, त्यांच्या सवयी, कोणत्या फुलोऱ्यावर त्या जातात याची जाण हे सारे या बोलीत साठवलेले आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

आग्या माशी हंगामानुसार स्थलांतर करते. उंच झाडाच्या फांदीवर किंवा कड्याच्या कपारीखाली ती एकच मोठे पोळे लटकवते. त्या पोळ्यात मधाचा भाग आणि अळ्यांचा भाग वेगवेगळा असतो. जाणकार मधकाढ्या धुराने माश्या बाजूला करून केवळ मधाचा भाग कापतो, तेव्हा पिलावा वाचतो आणि वसाहतीला पुन्हा उभे राहण्याची संधी मिळते. अर्थात येथे कौशल्य, संयम आणि भविष्याचा विचार ही एकाच कृतीची अंगे आहेत. ‘संकलन’ या शब्दातून हा आशय व्यक्त होत नाही.

नात्यांची वीण :
सोलिगांच्या पुराणकथेनुसार बिळिगिरी रंगस्वामीने सोलिगा कन्या कुसुमालेशी विवाह केला. त्यामुळे देव हा जमातीचा ‘भावा’, म्हणजे मराठीतील भाऊजी ठरतो. वाघालाही सोलिगा आपल्या कुटुंबातला मानतात. वाघाला झाडावर चढून मध काढता येत नाही, म्हणून काढलेल्या मधातील थोडा वाटा त्याच्यासाठी जमिनीवर ठेवण्याची प्रथा नोंदविली गेली आहे. ही प्रथा केवळ भाबडी श्रद्धा म्हणून बाजूला सारता येत नाही. जंगलातील उत्पन्नावर माणसाचा एकट्याचा हक्क नाही, हे तत्त्व तिच्यातून आचरणात येते. हाच आशय कायद्याच्या भाषेत सांगायचा तर त्याला ‘संरक्षणाचे कर्तव्य’ म्हणावे लागेल.

बंदी आणि हक्क :
या पार्श्वभूमीवर पुढील घटनाक्रम विचार करायला लावणारा आहे. १९७४ मध्ये हा प्रदेश अभयारण्य झाला. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनंतर, दशकाच्या मध्यावर, येथे विक्रीसाठी वनोपज गोळा करण्यावर बंदी आली. २०११ मध्ये हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. ज्या वाघासाठी मधाचा वाटा ठेवला जात होता, त्याच वाघाच्या नावाने मध काढणाऱ्याला परका ठरविले गेले. त्याच वर्षी २५ ग्रामसभांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळाल्याचे हे देशातील पहिले उदाहरण मानले जाते. २०१० ते २०१४ या काळात येथील वाघांची संख्या ३५ वरून ६८ झाल्याचे आदिवासी हक्कांसाठी काम करणाऱ्या सर्व्हायव्हल इंटरनॅशनल या संस्थेने मांडले. या वाढीचे श्रेय एकाच कारणाला देणे योग्य नव्हे. तथापि, माणसांना हटविल्याशिवाय वाघ वाढत नाही, हे गृहीतक त्यामुळे निश्चितच दुबळे होते.

गौरवीकरणाची मर्यादा :
येथे दुसऱ्या बाजूचीही चिकित्सा आवश्यक आहे. मधाची केवळ गाणी आणि कथा गोळा करणारे लेखन सोलिगांना बाजारापासून अलिप्त असे निरागस वनवासी करून टाकते. वस्तुतः आदिवासी बहुउद्देशीय सहकारी संस्थांमार्फत मधाची विक्री होत आली असून सोलिगा कुटुंबांच्या रोख उत्पन्नात वनोपजाचा वाटा मोठा राहिला आहे. भाव केवळ वजनावर ठरत असेल, तर पोळे घाईने किंवा सबंध कापण्याचा मोह वाढतो, हेही नाकारता येत नाही. २०१३-१४ पासून रानमधाला केंद्राच्या किमान आधारभूत किंमत योजनेत स्थान मिळाले. ही बाब स्वागतार्ह आहे. परंतु योग्य भाव म्हणजे योग्य अधिकार नव्हे. परंपरा आपोआप निसर्गरक्षक नसते. तिचे नियम ठरविण्याचा आणि ते पाळून घेण्याचा अधिकार समूहाकडे असेल, तेव्हाच ती तशी राहू शकते.

निष्कर्ष :
‘गौण’ऐवजी ‘अकाष्ठ वनोपज’ अशी पर्यायी संज्ञा सुचविली जाते. तिच्यात हीनतेचा भाव नाही, पण तीही लाकडालाच केंद्रस्थानी ठेवते. म्हणून प्रश्न केवळ शब्द बदलण्याचा नाही. वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंपदेचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्कही ग्रामसभेला दिलेला आहे. पोळे केव्हा कापावे, किती कापावे आणि कोणते राखावे, हा निर्णय त्या हक्कानुसार ग्रामसभा घेऊ शकते की नाही, यावरच मान्यतेची खरी कसोटी लागते. केवळ मध विकण्याची मुभा देऊन निर्णयाचा अधिकार राखून ठेवणारी व्यवस्था सोलिगांना मालक नव्हे, तर पुरवठादार मानते. मधाचे सांस्कृतिक स्थान जपायचे असेल, तर त्याची सुरुवात या अधिकारापासूनच करावी लागेल.